गप्प बसणारं लाकूड

लाकडाला बोलतं करणारे कारागीर आपल्याकडे पुष्कळ. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे येतात. ते कापायचे, त्यावर तबली, म्हणजे वरची पातळ लाकडी फळी, बसवायची आणि ती अशी तासायची की तार छेडली रे छेडली की सगळं अंग थरथरलं पाहिजे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या थरथरण्याच्या कसबाला मिळालं असं मी मानते. घरात तंबोरा असेल त्याला माहीत असतं, नुसता कोपऱ्यात उभा असला तरी शेजारी कुणी योग्य सुरात बोललं की त्याच्या तारा आपसूक गुणगुणतात.

स्पीकरच्या खोक्याचं शास्त्र याच्या बरोबर उलटं. वूफरचा, म्हणजे खर्ज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा हलावा, हवा हलावी, खोका मात्र तसूभरही हलू नये. हलला तर तोही गाऊ लागतो, आणि त्या बिचाऱ्याला एक-दोनच सूर येतात. भीमपलास लावा नाहीतर बातम्या लावा, मध्येमध्ये तो आपलाच सूर घालणार. म्हणजे मोजणं, कापणं, चिकटवणं, घासणं एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर तयार झालेली वस्तू ऐकू येऊ नये म्हणून. मी घरीच असा खोका बनवायला घेतला, तेव्हा हे घरात पटवून देणं महाकठीण गेलं. “एवढ्या प्लायमध्ये चपलांचं कपाट झालं असतं,” असं सासूबाई म्हणाल्या, आणि हिशेबाने त्यांचं बरोबरच होतं.

मुळात खोका लागतोच कशाला, हा प्रश्नही घरातलाच. त्याचं उत्तर तोंडी देण्यापेक्षा दाखवून देणं सोपं. वूफर नुसता हातात धरून गाणं लावलं. किरटा, खरखरीत आवाज, ठेक्याचा पत्ता नाही. मग एका जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्याला गोल भोक पाडून त्यावर तोच वूफर ठेवला, आणि डग्गा एकदम खोलीत आला. कारण असं की पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. 50 हर्ट्झच्या खर्जाची लाट जवळपास 7 मीटर लांब. तिला वूफरच्या कडेवरून वळून मागे जायला कितीसं अंतर? पुढचा दाब मागच्या पोकळीत जाऊन मिळतो आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. बारीक आवाजाच्या लाटा आखूड असल्याने त्या वाचतात, म्हणून फक्त किरटेपणा उरतो. हलत्या कॉइलचा स्पीकर आज आपण वापरतो त्या रूपात राइस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी 1925 मध्ये मांडला, तेव्हापासून मागच्या आवाजाचं काय करायचं हा प्रश्न त्याच्या पाठीशी लागलेला आहे.

मला सगळ्यात आवडलेलं उत्तर एडगर विल्चर यांचं. 1954 मध्ये त्यांनी एआर-1 नावाचा स्पीकर आणला. त्याआधी दमदार खर्ज हवा तर फ्रिजएवढा खोका लागायचा. विल्चर म्हणाले, खोका लहान करा, पण हवाबंद करा. वूफरची स्वतःची लवचीक बैठक मुद्दाम ढिली ठेवा आणि पडद्याला जागेवर आणायचं काम आत कोंडलेल्या हवेला द्या. हवा ही धातूच्या किंवा कापडाच्या स्प्रिंगपेक्षा सरळ वागते, जेवढी दाबाल तेवढीच परत ढकलते. कल्पना साधी आहे, पण तिची एक सक्त अट आहे: हवा खरोखर कोंडलेली हवी. म्हणजेच अख्खा डोलारा सांध्यांवर, आणि सांधे फेव्हिकॉलवर.

वूफर आणि बारीक आवाजाचा छोटा ट्वीटर लॅमिंग्टन रोडवरून आणले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तिथे जाणारा कुणी तसं म्हणत नाही. ठाण्याहून फास्ट लोकलने दादर, मग वेस्टर्नने ग्रँट रोड. गर्दी टाळायची तर दुपारी जावं. साडेसहा इंची वूफरचं चुंबक पिशवीत असलं की ती पिशवी लोखंडी रॅककडे आपोआप ओढ घेते आणि शेजारचे प्रवासी संशयाने बघतात. वूफरसोबत एक कागद मिळतो. त्यावर आकड्यांचा रकाना असतो. हे आकडे म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांची देणगी. थील यांचा लेख 1961 सालचा, ऑस्ट्रेलियातल्याच एका नियतकालिकात आलेला. 1971 मध्ये तो अमेरिकेत पुन्हा छापला गेला तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं, आणि सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या स्मॉल यांनी ते काम पुढे पूर्णत्वाला नेलं. तोवर खोक्याचं माप म्हणजे अंदाज, अनुभव आणि गुरुकृपा होती. आता कागद पाहून भागाकार केला की झालं. माझ्या वूफरचा क्यूटीएस, म्हणजे पडद्याचं हेलकावणं किती लवकर थांबतं त्याचा आकडा, 0.43 आणि व्हीएएस, म्हणजे त्याच्या बैठकीइतकीच लवचीक असणारी हवा, 20 लिटर. खोक्यात बसल्यावर पहिला आकडा, एकूण क्यू, 0.7 च्या जवळ यावा, म्हणजे आवाज फुगतही नाही आणि लवकर विझतही नाही. सूत्रात घातलं की 12 लिटरच्या आसपास उत्तर येतं. आतून 19 गुणिले 22 गुणिले 32 सेंटिमीटर केलं की 13.4 लिटर होतात. आधाराच्या पट्ट्या, चुंबक आणि क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्वीटरला आपापले सूर वाटून देणारं सर्किट) यांची जागा वजा जाता 12 च्या किंचित वर राहतात. तिन्ही मापं मुद्दाम वेगळी घेतली. दोन बाजू सारख्या असल्या तर आतली हवा त्या दोन्ही दिशांना एकाच सुरात घुमते, आणि घनाकृती खोका तर तिन्ही दिशांना. दिसायला ठोकळा सुंदर असतो, पण आवाजाला वाईट.

आता लाकूड. परदेशी लोक एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीवर, खूश असतात, कारण ते आतून एकजीव असतं, फट नाही, रेषा नाही. पण आम्ही कोपरीत राहतो, खाडीची हवा खातो. पावसाळ्यात गच्चीच्या दारापासून मिठाच्या बरणीपर्यंत सगळं ओलं. एमडीएफच्या उघड्या कडेने एकदा पाणी घेतलं की ती फुगते आणि परत बसत नाही. म्हणून मी 18 मिलीमीटरच्या मरीन प्लायवर गेले, आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का पाहून. त्या मानकात प्लायचा तुकडा 72 तास उकळून त्याचे थर सुटतात का ते बघतात. माझा खोका कुणी उकळणार नाही हे मान्य, पण असल्या प्लायमध्ये आतले थर सहसा बरे असतात. सहसा म्हणते, कारण आपल्या बाजारात वरून गुळगुळीत आणि आतून गॅप असलेलं प्लाय सर्रास मिळतं. खाटेला किंवा कपाटाला गॅप चालून जातो. स्पीकरमध्ये त्याच जागी थर सुटा पडून कापऱ्या आवाजात बझ करतो. दुकानात मी नाणं घेऊन शीटवर टकटक करत फिरले. आवाज बदलला की तिथे पेन्सिलची फुली. दुकानदाराने आधी दुर्लक्ष केलं, मग स्टूल ओढून बसला आणि शेवटी स्वतःच दुसरी थप्पी उघडून दिली. कटिंग त्यांच्याच मशिनवर करून घेतलं. हातकरवतीने प्लायची कड एका रेषेत कापणारे असतील, त्यांना माझा नमस्कार.

चिकटवण्याच्या कामाला आमच्या इमारतीत वर्षानुवर्षं फर्निचर करणारे सुतारकाका मदतीला आले. राजापूरकडचे, सत्तरी ओलांडलेले, आता काम मुलगा बघतो. खिळे मारायचे नाहीत म्हटल्यावर ते खूश झाले. त्यांनी उमेदवारी केली ती सरसावर. सरस म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा गोंद. एका भांड्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, खाली शेगडी. गरम असेतोवर लावायचा, थंड पडला की गोठला. “पंखा लावायची पण चोरी, ताई. आणि वास असा की जेवण जायचं नाही.” फेव्हिकॉल 1959 साली आला, पण त्यांच्या मालकाने बरीच वर्षं त्याला हात लावला नाही म्हणे. पांढरं पाणी कसलं लाकूड धरणार, असं त्यांचं म्हणणं.

ते पांढरं पाणी धरतं कसं हे बघण्यासारखं आहे. पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण असतात. पाणी लाकडात मुरतं आणि हवेत उडतं, कण एकमेकांना येऊन भिडतात, एकमेकांत मिसळतात आणि पांढऱ्याचा पारदर्शक पापुद्रा होतो. म्हणजे गोंद वाळतो तो लाकडाच्या सहकार्याने. आणि इथेच प्लायची कड नाठाळपणा करते. प्लायमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे असतात. निम्म्या थरांची नळ्यांसारखी तोंडं कडेला उघडी पडतात आणि लावलेला गोंद पिऊन टाकतात. काकांनी कडेला आधी पातळ हात फिरवला, तो मुरू दिला, मग दुसरा हात. पहिला हात लाकडाचा, दुसरा सांध्याचा, असं त्यांचं गणित.

दोन फळ्या भिडवल्या की लगेच दाब द्यायचा नाही. आधी जराशी पुढेमागे सरकवायची. सुरुवातीला ती बुळबुळीत सरकते, मग जड होते, आणि एका क्षणी धरते. तो क्षण बोटांना कळतो. मग गुण्या लावून काटकोन बघायचा आणि क्लॅम्प आवळायचा. सांध्याच्या रेषेवर मोहरीएवढे पांढरे थेंब ओळीने फुटतात. संपूर्ण लांबीला सारखे थेंब आले म्हणजे गोंद सगळीकडे पोचला. जिथे थेंब नाही तिथे आत काय आहे कुणास ठाऊक. मी स्क्रू पिळत होते तेव्हा काकांनी हात धरला. “दाबा, पण जीव नका घेऊ त्याचा. सगळा बाहेर काढलात तर आत काय राहील? हवा?” फार आवळलं की सांधा उपाशी राहतो, हे पुस्तकातही आहे.

घरात क्लॅम्प असून असणार किती. उरलेलं काम सायकलच्या जुन्या ट्यूबने केलं. ट्यूब उभी चिरून लांब पट्टी काढायची आणि ताणून ताणून खोक्याभोवती गुंडाळायची. प्रत्येक वेढ्याला दाब वाढतो आणि चारही बाजूंनी सारखा पडतो, जे क्लॅम्पला जमत नाही. सायकलच्या दुकानात त्या फुकट मिळतात, वर “काय करणार?” याचं उत्तर द्यावं लागतं. गुंडाळल्यावर दोरीने दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे भरले तर खोका काटकोनात. नसतील तर लांब कर्णाच्या टोकांवर हलका दाब, आणि हे सगळं गोंद धरायच्या आत.

थेंब ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह अनावर असतो. पुसू नये. पुसलं की पातळ झालेला गोंद लाकडाच्या रंध्रांत बसतो, तेव्हा दिसत नाही, आणि पुढे पॉलिश चढवलं की तेवढाच पट्टा फिक्का राहून कायमचा हसतो. तो रबरासारखा होऊ द्यावा. मग धारदार पटाशी सपाट धरून खालून सरकवली की अखंड सुतळीसारखा निघतो. या कामाला एक वेगळंच सुख आहे, मला तरी ते संपू नये असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी एक चाचणी घेतली, ती मी आता सगळ्यांना दाखवते. आदल्या दिवशी दोन उरलेले तुकडेही तसेच काटकोनात चिकटवून ठेवले होते. ते त्यांनी उचलून जमिनीवर आपटले. तुकडे सुटले, पण सांध्यात सुटले नाहीत. एका तुकड्याचा वरचा थर उचकटून दुसऱ्याला चिकटून आला, तंतूंसकट. “लाकूड तुटलं, जोड नाही तुटला,” एवढंच बोलून त्यांनी चहा मागवला. पावसाळी हवेत मात्र या चाचणीला घाई करायची नाही. हवेतच पाणी असताना सांध्यातलं पाणी जाणार कुठे? डब्यावरच्या वेळा कोरड्या हवेच्या असतात.

हवाबंद झाला, आता गप्प करायचा. बोटाच्या पेराने बाजूची फळी वाजवली तर मधोमध ‘टुंग’ असा सूर येत होता. आत आडवी पट्टी घालायची, ती बरोबर मध्ये घालायची नाही. मध्ये घातली तर दोन सारखे भाग होतात आणि दोघे मिळून एकच वरचा सूर धरतात. थोडी सरकवून घातली की दोन भाग वेगवेगळे, दोघांचीही ताकद कमी. पट्टी बसली आणि ‘टुंग’चं ‘ठक’ झालं. याबाबतीत बीबीसीच्या लोकांचं मत वेगळं होतं. त्यांनी सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस3/5ए नावाचा छोटा स्पीकर केला, त्यात बर्चचं 12 मिलीमीटरचं पातळ प्लाय आणि आतून डांबरी थर. फळीला ताठ करून तिचा सूर वर ढकलण्यापेक्षा तो खाली येऊ द्या आणि तिथे त्याचा गळा दाबा, असा विचार. त्यांचा कान पक्का होता, माणसाच्या बोलण्यावर ते स्पीकर पारखत. दोन्ही पंथ खरे आहेत असं माझं मत, पण ठाण्यात बर्च सहजी मिळत नाही आणि गॅपवालं पातळ प्लाय वापरायची माझी छाती नाही. मी जाड प्लाय घेतलं आणि दुसऱ्या पंथातली एक गोष्ट उचलली: आतल्या हवेचा घुमारा मारायला लोकर. बाजारात त्यासाठी कृत्रिम फायबर मिळतं, काचेची लोकरही मिळते, पण ती हाताला खाजते. आमच्याकडे सोलापूरकडची एक जुनी घोंगडी होती, कसर लागलेली. तिचे तुकडे मागच्या फळीवर आणि बाजूंना सैलसर लावले. मेंढीची लोकर आवाज पिते. कडुनिंबाची पानं सोबत ठेवली, ती स्पीकरसाठी कमी आणि सासूबाईंसाठी जास्त.

क्रॉसओव्हरबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळा आणि भांडणाचा विषय आहे. पॉलिशबद्दलही नाही. वायरीचं भोक एम-सीलने बुजवलं, वूफरच्या कडेखाली दारांना लावतात ती फोमची पट्टी लावली आणि स्क्रू आवळले.

मग विल्चरची परीक्षा. पडद्याच्या मधल्या टोपीला हात न लावता, दोन्ही हातांची बोटं कडेने पसरून वूफर हळूच आत दाबायचा आणि सोडायचा. खोका गळका असेल तर तो टपकन जागेवर येतो. हा आला नाही. रेंगाळला, आतली हवा त्याला धरून होती, आणि मग सावकाश वर आला. उदबत्तीनेही बघितलं. 30 हर्ट्झचा सूर लावून सांध्याशेजारी उदबत्ती धरली की फट असेल तिथे धूर थरथरतो. धूर सरळ वर जात राहिला. खालच्या मजल्यावरचे काका दारात येऊन काही पूजा आहे का विचारून गेले.

ठाण्यात बॉक्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दहीहंडीचे डीजेचे मनोरे येतात, छातीत धडकणारे. त्यामुळे सोसायटीत बातमी पसरल्यावर सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये रात्री दहाच्या नियमाची आठवण करून दिली. मी त्यांना ऐकायला बोलावलं. आकाशवाणीच्या बातम्या लावल्या. निवेदकाचा आवाज खोक्यातून येतोय असं वाटण्याऐवजी समोर कुणी बसून वाचतंय असं वाटत होतं, आणि पेर टेकवून बघितलं तर फळी थंड, निश्चल. ते थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, “गाणं लावा ना काहीतरी, बातम्या काय ऐकायच्या.”

खोका गप्प झाला आणि घर बोलू लागलं. आमचा हॉल 16 फूट लांब. त्या लांबीत हवेचा एक घुमारा 35 हर्ट्झला बसतो आणि त्याच्या दुप्पट, 70 ला, दुसरा. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज 70 च्या अगदी जवळ. त्यामुळे भिंतीशी बसलं की खर्ज फुगून बाकीच्या तीन तारांवर बसतो, आणि भिंतीपासून चार फुटांवर उभं राहिलं की तोच खर्ज जवळजवळ नाहीसा. मी कान पुढे करून हॉलभर फिरले आणि दोन फुटांवर तो बरोबर लागतो हे शोधून काढलं. या बाबतीत प्लाय, फेव्हिकॉल, घोंगडी काही कामाचं नाही. भिंती कुणाच्या चिकटवणार? उपाय एकच, सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे घ्यायचा. सासूबाईंचं म्हणणं, मग त्यांचा वॉकर टीपॉयला अडेल. टीपॉय काढू म्हटलं तर चहा कुठे ठेवायचा. सध्या बोलणी नऊ इंचांवर आली आहेत.